अक्कांचा भडंगाचा डबा

आमच्या साखर कारखान्यात चूक सांगणाऱ्याला मूठभर भडंग मिळायचं. ही पद्धत कुठल्या नियमात नव्हती, संचालक मंडळाच्या ठरावात नव्हती आणि दुसऱ्या कुठल्या कारखान्यात असेल असं मला वाटत नाही. ती पाडली गिरिजाक्का मगदूम यांनी. कागदोपत्री त्या इन्स्ट्रुमेंट विभागाच्या प्रमुख होत्या. पण कागदावर त्यांना कुणी ओळखत नव्हतं. गेटवरच्या वॉचमनपासून कार्यकारी संचालकांपर्यंत सगळ्यांच्या त्या अक्काच होत्या.

इन्स्ट्रुमेंट विभाग म्हणजे काय, हे मला घरी सांगताना नेहमी अडचण यायची. बॉयलर म्हटलं की माणसाला कळतं, उसाची गव्हाण म्हटलं की कळतं. पण कारखान्यात प्रत्येक पाइपावर, टाकीवर, भट्टीवर नारळाएवढी उपकरणं बसवलेली असतात. कुठे दाब मोजायचा, कुठे तापमान, कुठे पाण्याची पातळी, आणि तो आकडा तारेतून कंट्रोल रूमच्या पडद्यावर पाठवायचा, हे त्यांचं काम. ही उपकरणं खरं बोलतात का, हे वरचेवर पक्क्या मापाशी ताडून बघावं लागतं. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. अक्का त्याला ‘खऱ्याखोट्याचं’ म्हणायच्या. ‘आज ज्यूस हीटरचं खरंखोटं करायचं हाय,’ असं म्हणून त्या निघाल्या की आम्ही समजायचो, आज हीटरवाल्यांचं काही खरं नाही.

अक्का शिरोळच्या सूनबाई. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळे घरात कन्नड, कारखान्यात कोल्हापुरी आणि राग आला की दोन्ही एकदम. अंगानं किरकोळ, कपाळावर विभूतीची बोटं, अंबाड्यावर कसंबसं टेकलेलं पांढरं हेल्मेट. आवाज मात्र असा की टर्बाइनच्या घरघरीतही त्यांना वॉकीटॉकी लागायची नाही. खांद्याला जुन्या इरकलीची शिवलेली पिशवी. तिच्यात एक स्क्रू ड्रायव्हर, उपकरणांशी बोलायचं हातातलं यंत्र, जे दिसायला टीव्हीच्या रिमोटच्या थोरल्या भावासारखं होतं, आणि एक स्टीलचा गोल डबा. डब्यात जयसिंगपूरचं भडंग, लसूण जास्त घातलेलं.

मी बॉयलर विभागात. मूळचा कराडचा, सासुरवाडी गडमुडशिंगी. इथे येऊन माझे केस पांढरे झाले, मुलं कोल्हापुरी बोलायला लागली, तरी अक्कांच्या लेखी मी पाहुणाच. ‘काय पावणं, पाणी खरं बोलतंय का?’ हा त्यांचा सकाळचा रामराम.

त्यांची एक सवय पहिल्यापासून डोळ्यांत भरायची. पडद्यावर कुठलाही आकडा अगदी स्थिर दिसला की आम्ही खूश व्हायचो, आणि अक्कांच्या कपाळाला आठी पडायची. त्या जाऊन उपकरणाला टिचकी मारायच्या, जोडलेल्या नळीची चावी किंचित ढिली करायच्या आणि आकडा हलतोय का बघायच्या. हलला की चेहरा सैल. एकदा मी म्हटलं, ‘अक्का, चांगला सरळ चाललाय की, कशाला डिवचताय?’

‘पावणं, वाफ कधी गप बसती का? पाणी गप बसतंय का? मग ही रेघ कशी काय गप बसली? एकतर नळी तुंबली, न्हायतर आतलं यंत्र मेलं. जित्तं हाय ते हालणार की वो.’

हे तत्त्व त्यांनी कारखान्यापुरतं ठेवलं असतं तर बरं होतं. त्यांच्या भाचीला एक स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, दिसायला नेटका. सगळ्यांना पसंत. चहापोहे झाले आणि अक्कांनी मुलाला विचारायला सुरुवात केली. ‘पोरीला नोकरी करू द्याल?’ हो. ‘नोकरी सोडून घरी बसली तर?’ चालेल. ‘आमच्यात सणाला कडबू असतंय, तुमच्यात पुरणपोळी. काय करायचं?’ दोन्ही चालेल. ‘कधी राग येतोय का तुमास्नी?’ अजिबात नाही. अक्का बाहेर आल्या आणि ओसरीवरच भावाला म्हणाल्या, ‘पोरगं लई चांगलं हाय. पर रेघ सरळ हाय. मला काय खरं वाटंना.’ स्थळ मोडलं. भाचीनं पुढे एका भांडकुदळ प्राध्यापकाशी लग्न केलं आणि तिचं उत्तम चाललं आहे. अक्का ते उदाहरण दर महिन्याला एकदा तरी द्यायच्या.

दुसरा त्यांचा मंत्र होता ‘आधी बघा, मग पिळा’. नवीन इंजिनिअरांचा हात शिवशिवत असतो. उपकरण चुकतंय असं कळलं की ते आधी स्क्रू पिळून आकडा बरोबर करून टाकतात. अक्का त्यांना तिथंच थांबवायच्या. आधी ते कितीनं चुकत होतं, कुठल्या बाजूला चुकत होतं, हे बघायचं, मगच हात लावायचा. नाहीतर आजवर त्यानं किती खोटं सांगितलं हे कधीच कळणार नाही. कँटीनचा आचारी आमटी न चाखता वरून मीठ टाकायचा. अक्कांनी एकदा त्याचा हात हवेतच धरला. ‘निधान, निधान,’ म्हणाल्या. म्हणजे कन्नडमध्ये ‘सावकाश’. ‘आधी चाख रं बाबा. कालच्यापेक्षा किती कमी हाय ते तरी कळू दे.’ आचाऱ्यानं चाखली, तोंड वेडंवाकडं केलं आणि मिठाचा हात मागे घेतला. त्या दिवसापासून आमची आमटी सुधारली. कारखान्यात सुधारणा कुठून सुरू होईल सांगता येत नाही.

भडंगाचं कारण मात्र गमतीचं नव्हतं. पूर्वी आमच्याकडे कुणी काही बिघाड सांगायला गेलं की आधी त्याच्यावरच ओरडा व्हायचा. ‘तू काय करत होतास? तुलाच बरं दिसलं?’ त्यामुळे माणसं सांगेनाशी झाली. विचारलं की एकच उत्तर, ‘ठीक हाय.’ बॉयलरवरचा सर्जेराव तर ‘ठीक हाय’चा बादशहा. अक्का एकदा मला म्हणाल्या, ‘पावणं, यंत्राची रेघ सरळ झाली तर मी टिचकी मारतो. माणसांची सरळ झाली तर काय मारू?’ दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन आल्या आणि जाहीर केलं, चूक सांगेल त्याला मूठभर भडंग. दुसऱ्याची सांगा, नाहीतर स्वतःची. ओरडणार नाही, भडंग देणार.

पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही. मग एका दुपारी सर्जेराव खाली मान घालून आला. आदल्या पाळीत एक झडप उघडी राहिली होती, ती त्याच्याच हातून. अक्कांनी लगेच डबा उघडला. सर्जेराव भडंग खात खात गेला आणि त्याच्यामागे सगळा बॉयलर विभाग आला. पुढे पुढे तर तो लबाड दिवसातून दोनदा काहीतरी शोधून आणायला लागला. ‘अक्का, त्या जिन्याची पायरी हालतीया.’ अक्का त्यालाही मूठ द्यायच्या, पण अर्धी.

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या कारखान्यात जुनी उपकरणं जाऊन नवी ‘स्मार्ट’ आली. ती नुसता आकडा पाठवत नाहीत, स्वतःच्या तब्येतीची खबरही देतात. कुणाची नळी तुंबली, कुणाचं कॅलिब्रेशन जवळ आलं, सगळं कंट्रोल रूममध्ये बसून दिसतं. अक्का यासाठी किती वर्षं मंडळाच्या मागे लागल्या होत्या. ती सगळी बसून झाली आणि त्याच वर्षी त्यांची निवृत्ती आली. तीही नेमकी हंगाम सुरू होण्याच्या तोंडाशी.

त्यांनी एका हंगामाची मुदतवाढ मागितली. आयुष्यात कारखान्याकडे त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ती पहिली गोष्ट असावी. मला म्हणाल्या, ‘एक सीझन बघू दे नव्हं. लगीन जमवलं मी आणि वरातीला मीच न्हाय?’ अर्ज अध्यक्षसाहेबांकडे पडून होता. अध्यक्ष मनाचा मोठा माणूस, पण नवी उपकरणं विकणाऱ्यांनी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की आता यंत्रंच बोलतात, माणसांची फारशी गरज नाही. आज हो, उद्या बघू, असं चाललं होतं. अक्का वरून हसत होत्या. पण त्या दिवसांत त्यांच्या डब्यातलं भडंग मऊ पडलेलं असायचं. विकतचं भडंग घरी पुन्हा भाजून कुरकुरीत करायला त्यांचं लक्ष नव्हतं, इतकं आम्हाला कळत होतं.

अशात बॉयलर अग्निप्रदीपनाचा दिवस आला. हंगामाआधी बॉयलरची पूजा करून पहिली आग घालतात, तो आमच्याकडचा मोठाच समारंभ. मांडव, फुलांच्या माळा, संचालक सपत्नीक पूजेला बसलेले, गुरुजींच्या हातात कापूर, माइकवर ‘पाहुण्यांनी आसनस्थ व्हावे’. अध्यक्ष लाल फेटा बांधून बॉयलरच्या तोंडाशी उभे. मुहूर्त जवळ आलेला. मी आणि अक्का शेजारच्या कंट्रोल रूममध्ये. नवी उपकरणं बसवणाऱ्या कंपनीचा पुण्याचा तरुण इंजिनिअरही तिथंच होता.

अक्का पडद्याकडे बघत उभ्या होत्या. बॉयलरच्या ड्रममध्ये, म्हणजे वरच्या टाकीत, पाणी किती आहे तो आकडा. बॉयलरमध्ये याहून महत्त्वाचा आकडा नाही. पाणी कमी आणि खाली आग, म्हणजे नळ्या जळणार, आणि पुढचं मी लिहीत नाही.

‘हा कवापास्नं असा बसलाय?’ अक्कांनी ऑपरेटरला विचारलं.

‘मी सकाळी आल्यापास्नं. एकदम झ्याक, निम्म्यावर.’

‘शेवटचा आकडा बी हालंना. निम्म्याला एवढं घट्ट कोण धरून बसतंय?’ त्यांनी वॉकीटॉकी घेतली. ‘सर्जेराव, ड्रमचं जरा पाणी सोड. काचेवर बघून सांग.’

सर्जेराव वर ड्रमच्या काचेपाशी होता; त्या काचेत आतलं पाणी डोळ्यांनी दिसतं. त्याचा आवाज आला, ‘उतरलं, अक्का. चांगलं बोटभर उतरलं.’

पडद्यावरचा आकडा होता तिथंच होता. निम्म्यावर.

अक्का बाहेर धावल्या, हातातलं यंत्र जोडलं, दोन बटणं दाबली आणि तिथल्या लोखंडी पायरीवर मटकन बसल्या. मी मागोमाग गेलो होतो. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘पावणं, हे मी केलंय.’

झालं होतं असं. उपकरणापासून पडद्यापर्यंत आकडा नीट पोचतो का, हे तपासायला त्याला सांगावं लागतं, तुला काय दिसतंय ते सोड, मी सांगेपर्यंत फक्त ‘निम्मं’ म्हण. तपासून झालं की त्याला मोकळं करायचं. दोन दिवसांपूर्वी अक्कांनी ‘निम्मं म्हण’ सांगितलं, आणि तेवढ्यात ऑफिसातून निरोप आला, मुदतवाढीच्या अर्जाला एक कागद कमी आहे, ताबडतोब घेऊन या. अक्का पळाल्या. उपकरण बिचारं आज्ञाधारक. ते तेव्हापासून निम्मं म्हणत होतं. त्यानं तशी सूचनाही पडद्यावर दिली होती, पण नव्या यंत्रणेच्या शेकडो सूचनांच्या ढिगात ती कुणी वाचलीच नव्हती. आणि पाण्याचा पंप त्याच आकड्यावर चालणार होता. खाली आग, वर सर्जेराव, आणि पडदा सांगणार की सगळं झ्याक आहे.

अक्कांनी बटण दाबून उपकरण मोकळं केलं. कंट्रोल रूमच्या उघड्या दारातून दिसणारा पडद्यावरचा आकडा लगेच बोटभर खाली आला आणि थरथरायला लागला. दारात उभ्या असलेल्या पुण्याच्या इंजिनिअरनं सुटकेचा श्वास टाकला. ‘झालं ना मॅडम! मुहूर्ताला अजून वेळ आहे. कुणाला सांगायचीही गरज नाही.’

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. अक्कांची निवृत्ती महिन्याअखेरीला, अर्ज अध्यक्षांच्या खिशात, अध्यक्ष दहा पावलांवर. कुणीही तेच म्हटलं असतं.

‘एक इसरलो ते सापडलं,’ अक्का म्हणाल्या. ‘त्या दिवशी आणि लई यंत्रांना हात लावलाय मी. तिथं इसरलो न्हाय हे कुणी बघितलंय?’ आणि त्या उठून सरळ मांडवाकडे गेल्या. सूत्रसंचालकाच्या हातातून माइक घेतला. माइकची त्यांना खरं तर गरज नव्हती.

‘मंडळी, जरा थांबा. पाण्याचं यंत्र खोटं सांगत हुतं, आणि ते माझ्या चुकीनं. ते आता नीट झालंय. पर मी हात लावलेलं सगळं परत बघितल्याबिगर आग घालायची न्हाय. मुहूर्त माझ्यामुळं हुकणार. मला माफी करा.’

गुरुजींच्या हातातला कापूर तसाच. अध्यक्षांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. ते खुर्चीवर जाऊन बसले. मला वाटलं, गेली मुदतवाढ. अक्कांनाही तेच वाटलं असणार, कारण पिशवी खांद्याला लावताना त्यांनी अध्यक्षांकडे बघितलंही नाही.

मग आम्ही एकेक उपकरण बघत सुटलो. अक्का पुढे, पुण्याचा इंजिनिअर मागे. आधी तो कंटाळला, मग स्वतःच जिने चढायला लागला. मांडवात जेवणाच्या पंगती आधीच बसवल्या. गुरुजींनी पंचांग पुन्हा उघडलं आणि दुपारी आणखी एक बरा मुहूर्त असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. ‘गुरुजी, तुमची बी रेंज मोठी हाय की वो,’ अक्का तेवढ्यातही म्हणाल्या, आणि मला जरा धीर आला.

सगळं तपासून झालं. कुठं काही सापडलं नाही. दुसरं एकही उपकरण अडकलेलं नव्हतं. हे ऐकून एक संचालक कुरकुरले, ‘काय न्हवतंच, मग एवढा खोळंबा कशाला केलासा?’

अक्का घामानं निथळत होत्या, पण चेहरा सकाळपेक्षा कितीतरी मोकळा होता. ‘न्हवतं हे आत्ता कळलं, साहेब. मगाशी नुसतं वाटत हुतं.’

आग घातली. सगळे पडद्यासमोर गोळा झाले, अध्यक्षही. पाणी तापायला लागलं तशी रेघ किंचित वर सरकली, थरथरली, जराशी खाली आली, पुन्हा वर. इतकी वाकडीतिकडी रेघ मी इतक्या आनंदानं कधी बघितली नव्हती. कुणीतरी ‘हर हर महादेव’ म्हटलं आणि सगळे एकदम बोलायला लागले.

त्या गलक्यात सर्जेराव वरून उतरून आला. सरळ अक्कांच्या पिशवीत हात घातला, डबा काढला, उघडला आणि मूठभर भडंग त्यांच्यासमोर धरलं.

‘घ्या, अक्का. नियम म्हंजे नियम.’

अक्कांनी ओंजळ पुढे केली. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि माझ्याही आलं, ते लपवण्यात काही अर्थ नाही. ज्याच्या जिवावर बेतलं असतं, तोच भडंग देत होता.

तेवढ्यात एका फेटेवाल्याचा हात मध्ये आला. अध्यक्षांनी तळवा पसरला होता.

‘मला बी द्या.’

अक्कांनी डोळे पुसले. ‘तुमास्नी कशाला? हे चूक सांगणाऱ्यालाच असतंय.’

‘मग सांगतो की. तुमचा कागद कमी न्हवताच. फायल मी मुद्दाम दाबून धरलीती. म्हटलं, यंत्रंच बोलायला लागली, आता अक्का कशाला? चुकलो. तुमास्नी जाऊ दिलं तर मला घरात झोप लागायची न्हाय. उद्या सही करतो. द्या आता.’

अक्कांनी त्यांच्याकडे क्षणभर बघितलं आणि डब्यात हात घातला. अध्यक्षांनी तळव्याकडे बघितलं. ‘एवढंच?’

‘एका चुकीला एक मूठ,’ अक्का म्हणाल्या.

तो हंगाम त्यांनी पुरा केला. हंगाम संपला, बॉयलर थंड झाला, निरोपाची भाषणं झाली. भाषणं सगळी ठीकच होती. संध्याकाळी मी त्यांना गेटपर्यंत पोचवायला गेलो. त्यांचे यजमान स्कूटर घेऊन उभे होते. अक्कांनी इरकलीच्या पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला. काठोकाठ भरलेला, ताजा, कुरकुरीत.

‘कंट्रोल रूममदी ठेवा. आणि ध्यान ठेवा, पावणं. डबा कमी झाला तर भरा. भरलेलाच राह्यला तर मातर भ्या. माणसं परत गप झाली म्हणायची.’

आणि त्या स्कूटरवर मागे बसल्या. यजमानांनी किक मारली. मला शेवटचं दिसलं ते असं, की त्यांच्या खांद्यावरून वाकून अक्का पेट्रोलच्या काट्याला टिचकी मारत होत्या, आणि यजमान म्हणत होते, ‘हालतोय की, बस आता नीट.’

डबा कंट्रोल रूममध्येच आहे, पडद्याच्या शेजारी. रोज आल्या आल्या मी आधी त्याचं झाकण उघडतो, मग पडद्याकडे बघतो. आज सकाळी तो निम्म्याच्याही खाली गेला होता. मला फार बरं वाटलं. जाताना जयसिंगपूरचं भडंग घ्यायचं आहे.